धुरांड्यातून स्वागत

माझ्या हातून आजवर एकही वस्तू फुटलेली नाही. अकरा वर्षांत एकही नाही! दोनशे वर्षांची जुनी हवेली, छत्तीस खोल्या, चौऱ्याण्णव दारं, काचेच्या आणि चिनी मातीच्या मिळून चार हजारांवर वस्तू, आणि त्या सगळ्या पुसणारा, झटकणारा, कुठे कसर लागली का ते बघणारा माणूस एकच. मी! ट्रस्टच्या समितीला दरवर्षी अहवाल पाठवतो, त्याची शेवटची ओळ मी जरा मोठ्या अक्षरात काढतो : 'यंदाही नुकसान शून्य.'

समिती शहरात बसते. मी हवेलीच्या मागच्या दोन खोल्यांत राहतो. उन्हाळ्यात लोक हवेली बघायला येतात, बागेत फोटो काढतात, तसबिरीतल्या माणसांच्या नाकांवरून विनोद करतात. थंडीचे पाच महिने सगळं बंद. मग मी आणि छत्तीस खोल्या.

बायको गेल्यावर मी ही नोकरी धरली. आमचं दोन खोल्यांचं घर खायला उठायचं. दोन खोल्या खायला उठतात म्हणून जो माणूस छत्तीस खोल्यांत राहायला जातो, त्याच्या अकलेबद्दल तुम्हीच काय ते ठरवा!

मोठी बहीण दर रविवारी फोन करते.

"अरे, आठवड्यात कोणाशी बोललास का?"

"बोललो की, ताई!"

"कोणाशी?"

आता जिन्यातल्या तसबिरीत एक सेनापती आहेत, त्यांना मी रोज सकाळी "साहेब, मिशीवर धूळ आहे" म्हणतो, हे ताईला सांगून तिच्या जिवाला घोर कशाला लावायचा?

"आमच्या बागवाल्या बाईंशी," मी ठोकून देतो.

ही शुद्ध थाप होती. बागवाल्या बाई माझ्याशी चौदा महिने बोललेल्या नव्हत्या.

बाई गावातून सायकलवर येतात. साठीच्या आहेत, पण काटक. थंडीत अख्खी बाग एकट्या सांभाळतात. माझ्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा बघून त्यांनीच मला 'किल्लेदार' हे नाव ठेवलं. पूर्वी रोज अकरा वाजता स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून आम्ही चहा प्यायचो आणि कोणता गुलाब नुसताच माज करतो, यावर चर्चा करायचो. मग मला एका कपाटामागे बागेचा दीडशे वर्षांपूर्वीचा नकाशा सापडला आणि माझ्या अंगात इतिहास संचारला! बाग जशी होती अगदी तशी करायची! नकाशात दक्षिणेकडची भिंत कोरी होती. प्रत्यक्षात तिच्यावर पांढऱ्या गुलाबाचा वेल होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बाईंची मुलगी लग्न होऊन लांब गेली, त्या वर्षी त्यांनी तो लावला होता. बाई दोन दिवसांच्या रजेवर गेल्या, तेवढ्यात मी माणसं बोलावून वेल मुळासकट काढला.

परत आल्या. भिंतीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं.

"नकाशात नव्हता," मी म्हणालो.

बस. एवढंच. त्यानंतर आमचा सगळा व्यवहार अवजारांच्या खोलीबाहेरच्या पाटीवर. त्या लिहायच्या, 'खत संपलं.' मी खाली लिहायचो, 'मागवलं.' 'कात्रीला धार.' 'लावली.' एकदा मला राहवलं नाही, मी लिहिलं, 'आज थंडी फार आहे.' दुसऱ्या दिवशी ते पुसून तिथे लिहिलेलं होतं, 'खत अजून आलं नाही.'

अशा परिस्थितीत समितीचं पत्र आलं. बुधवारी सकाळी अकरा वाजता समितीचे अध्यक्ष, जुन्या इमारतींच्या जाणकार वास्तुरचनाकार बाई आणि एका कंपनीचे तज्ज्ञ हवेली पाहायला येणार. प्रत्येक खोलीत कॅमेरे बसवायचे आणि मग 'जागेवर राहणाऱ्या माणसाची गरज आहे का ते तपासायचं.' मी पत्र चार वेळा वाचलं. चौथ्या वेळीही 'जागेवर राहणारा माणूस' मीच होतो.

ठीक आहे! म्हटलं, हवेली अशी चमकवतो, की त्या तज्ज्ञाचे डोळे दिपले पाहिजेत! आठवडाभर घासलं. पितळ, चांदी, लाकूड, आरसे. जिन्याचे कठडे तर इतके गुळगुळीत केले, की मी स्वतः दोनदा घसरलो. बुधवारी सकाळी आठ वाजता काम उरलं फक्त एक : दुसऱ्या मजल्यावरच्या भरतकामाच्या खोलीची आतली पितळी मूठ.

मूठ जागेवरच घासणारे लोक असतात. मी त्यातला नव्हे. मी ती काढून, मांडीवर घेऊन, बाळाला न्हाऊ घालावं तशी घासली. पॉलिशचा वास जायला खिडकी उघडली. वारा आला. दार धाडकन लागलं.

काही हरकत नाही, मी म्हटलं. दारातून एक चौकोनी सळई आरपार जाते, तिच्यावर आतून एक आणि बाहेरून एक अशी मूठ बसते. मी मूठ सळईवर टेकवली आणि जोर लावला. जरा जास्तच लावला. सळई मागे सरकली आणि बाहेरच्या मुठीसकट पलीकडे पडली. टण, टण, टण! मग शांतता.

माझ्या हातात आतली मूठ. तीही इतकी लख्ख, की तिच्यात माझा चेहरा दिसला. फारसा बरा दिसत नव्हता.

कमरेला चौऱ्याण्णव किल्ल्या होत्या. पण दाराला कुलूप लागलेलंच नव्हतं, तर किल्ली काय करणार? फोन खाली स्वयंपाकघरात, चार्जिंगला. भोकात बोट घालून पाहिलं, बोट अडकलं, ते काढण्यात दहा मिनिटं गेली. दार तोडावं? अक्रोडाच्या लाकडाचं, दोनशे वर्षांचं दार! आणि मग अहवालात काय लिहू? 'यंदा नुकसान एक दार, मीच तोडलं'?

मी खिडकीत गेलो. खाली बाई! ढकलगाडीत वाळकी पानं भरत होत्या, पन्नासएक पावलांवर.

"बाई!" मी हाक मारली.

आता गंमत बघा. तुम्ही आठवडेच्या आठवडे बोलला नाहीत, की आवाज आपोआप निघत नाही. जुन्या नळासारखा आधी नुसता घरघरतो. माझ्या तोंडून जे बाहेर पडलं, त्याला हाक म्हणणं धाडसाचं होतं. खोकून, घसा साफ करून पुन्हा ओरडलो. वारा उलटा. त्यांना ऐकू गेलं नाही. मी दोन्ही हात हलवले. त्यांनी वर पाहिलं! मी आणखी जोरात हलवले. त्यांनी शांतपणे पाठ फिरवली आणि पानं भरायला लागल्या.

बोलत नसलेल्या माणसाने चौदा महिन्यांनी खिडकीतून हात हलवला, तर हलवून दाखवावा का? त्यांच्या जागी मी असतो, तर मीही नसता हलवला.

मग काहीतरी फेकून लक्ष वेधावं म्हटलं. खोलीत फेकण्याजोग्या एकशे बारा वस्तू होत्या आणि प्रत्येकीला नोंदवहीतला नंबर! सुईदाणीला नंबर, उशीला नंबर, दोऱ्याच्या रिळालासुद्धा नंबर. बिननंबरी वस्तू त्या खोलीत एकच होती, मी. मी उजवा बूट काढला आणि फेकला. तो डुबुक् करून तळ्यात गेला. डावा जरा वळवून फेकला. तो सुसाट गेला आणि बाईंच्या ढकलगाडीत, त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर, धप्पकन पडला.

बाईंनी बूट उचलला. बुटाकडे पाहिलं. वर माझ्याकडे पाहिलं. चेहरा लांबून दिसत नव्हता, पण उभं राहण्याची पद्धत दिसत होती.

"तसं नाही!" मी ओरडलो. मग खुणांनी सांगायला लागलो. आधी हात जोडले. मग दाराची मूठ फिरते तशी, दोन्ही मुठी आवळून, हवेत पिळून दाखवली. पिळली, आणि 'तुटली' असं दाखवायला झटका दिला. त्यांना समजेना म्हणून पुन्हा दाखवलं. तीनदा!

मला वाटत होतं, मी दार दाखवतोय. खालून ते गळा पिरगळल्यासारखं दिसत होतं, हे बाई ढकलगाडी तिथेच सोडून, बूट घेऊन, फाटकाकडे तरातरा निघाल्या तेव्हा माझ्या लक्षात आलं.

मी खिडकीखाली जमिनीवर बसलो. पायात नुसते मोजे, त्यातल्या एकाला अंगठ्यापाशी भोक. आज अध्यक्ष येणार, आणि 'जागेवर राहणारा माणूस' जागेवर आहे हे कोणालाच कळणार नाही! मनात एक वेडा विचार आला. समजा आज कोणी येणारच नसतं, तर? मी कोंडला गेलोय हे कोणाच्या ध्यानात कधी आलं असतं? बाईंना वाटलं असतं, पाटीवर उत्तर नाही, म्हणजे किल्लेदार रुसला. ताईचा फोन रविवारी, आणि आज बुधवार. सेनापतींना मिशीवरची धूळ जाणवली असती फार तर. मी बोटांवर दिवस मोजले, आणि मग मोजणं थांबवलं. बरं वाटेना.

अकराला गाडीचा आवाज आला. फाटकात बाईंनी त्यांना गाठलं असणार, कारण गाडी बराच वेळ तिथेच थांबली. काय बोलणं झालं ते मला नंतर कळलं : "आत जरा जपून जा. ते बूट फेकतायत आणि गळा दाबायची धमकी देतायत."

मागचं दार वाजलं. स्वयंपाकघर. मग लांब बोळ. अकरा वर्षं मी या घराचे आवाज ऐकत आलोय, दुसरं ऐकायला होतंच काय? मला बसल्या जागी कळत होतं. एक जड पाऊल, थांबत थांबत येणारं : अध्यक्ष. एक टकटक, भरभर : वास्तुरचनाकार बाई. एक कच्च कच्च, नव्या बुटांचं : कॅमेरेवाले. ते दिवाणखान्यात शिरले, थेट माझ्या खाली, दोन मजले. आणि अध्यक्ष दबक्या आवाजात म्हणाले,

"कुठे आहे हा इसम?"

मला शब्द न् शब्द ऐकू आला! फायरप्लेसमधून! या खोलीचं आणि दिवाणखान्याचं धुरांडं एकच, मधल्या विटा ढासळलेल्या, ते दुरुस्त करायचं मी तीन वर्षं पुढे ढकलत होतो. मी गुडघ्यांवर बसलो, डोकं फायरप्लेसमध्ये घातलं. तोंड उघडलं. 'वाचवा' म्हणायचं, एवढं सोपं काम होतं!

पण म्हणवेना हो! माझी नोकरी तपासायला आलेली माणसं, आणि त्यांना पहिलं वाक्य काय ऐकवायचं? मी मूठ घासताना कोंडला गेलो? तोंडातून निघालं ते असं :

"सुस्वागतम्!"

खाली कोणीतरी किंचाळलं. बहुतेक अध्यक्ष.

"घाबरू नका! आपण आता मुख्य दिवाणखान्यात उभे आहात. ही खोली दोनशे वर्षांपूर्वी बांधली. डावीकडचा आरसा मूळचा आहे."

"हा आवाज कुठून येतोय?" कॅमेरेवाले म्हणाले. कच्च, कच्च, कच्च. मग वेताची एक बारीक करकर. ती खुर्ची मी झोपेतसुद्धा ओळखली असती.

"नव्या बुटांचे साहेब, कृपया त्या खुर्चीवरून उठा. मागचा उजवा पाय कच्चा आहे."

करकर थांबली.

"यांनी आधीच कॅमेरा बसवलाय!" कॅमेरेवाले कुजबुजले.

"नाही बसवला. अध्यक्षसाहेब, आपण खिडकीजवळच्या तिसऱ्या फळीवर उभे आहात. ती दमट हवेत फुगते, गेल्या वर्षी मी तिच्याखाली नवी पट्टी घातली. आणि बाई, आपण गालिच्याच्या कडेवरून चाललात त्याबद्दल आभार. सगळे मधून चालतात."

मग टकटक करत वास्तुरचनाकार बाई फायरप्लेसजवळ आल्या. त्यांचा आवाज अगदी कानाशी आला.

"छताच्या कोपऱ्यातलं चुन्याचं काम कोणी केलं?"

"मी. आधी सिमेंट लावलेलं होतं, ते खरवडून काढलं. आठ महिने लागले."

"एकट्याने?"

"दुसरं कोण आहे इथे?"

त्या विचारत गेल्या. मी सांगत गेलो. पडद्यांना ऊन कुठल्या महिन्यात कुठपर्यंत येतं, लाकडातला किडा कुठल्या ऋतूत कुरतडतो, पावसाचं पाणी कुठून झिरपतं आणि मी त्याखाली किती भांडी कुठल्या क्रमाने ठेवतो. मंडळी, मी पाऊण तास बोललो! गेल्या सबंध महिन्यात मिळून तेवढा बोललो नसेन. गुडघे दुखत होते, डोक्यात काजळी पडत होती, पायांना वारा झोंबत होता, पण मध्येच त्या म्हणाल्या, "एक शेवटचा प्रश्न", तेव्हा मी डोकं आणखीच आत घातलं. शेवटचा?

"बागेच्या दक्षिणेच्या भिंतीवर जुन्या वेलाच्या खुणा दिसतात," त्या म्हणाल्या. "काढला का?"

खाली तिघं होते. तिघांचे आवाज मला माहीत होते.

"मी काढला," मी म्हणालो. "जुन्या नकाशात नव्हता म्हणून. तेव्हाही तिथे एखादा वेल असेल आणि नकाशा काढणाऱ्याला पानं काढायचा कंटाळा आला असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. हा वेल एकोणीस वर्षांचा होता. आमच्या बागवाल्या बाईंनी मुलीच्या आठवणीसाठी लावलेला. त्यांना विचारायला हवं होतं. दुसऱ्याच दिवशी माफी मागायला हवी होती. मग एक दिवस गेला, आठवडा गेला, आणि नंतर इतका उशीर झाला, की मी पाटीवर हवापाणी लिहायला लागलो. माझ्या कारकिर्दीतलं खरं नुकसान तेवढंच. अहवालात घातलं नाही."

आणि मी भावनेच्या भरात कपाळ धुरांड्याच्या आतल्या विटेवर टेकवलं. ती वीट निसटली! विटेबरोबर दहा वर्षांची काजळी आणि कबुतरांचं एक अख्खं, ऐसपैस घरटं खाली गेलं. धाडधाड, फस्स!

"खोऽऽ! खोऽऽ!" हे अध्यक्ष. तेही खाली वाकून धुरांड्यात बघत होते, हे मला कुठून ठाऊक?

"आता पुरे!" ते कडाडले. "आधी खाली या!"

"तिथे एक छोटीशी अडचण आहे," मी म्हणालो.

सगळं सांगितलं. मूठ, सळई, बूट, खुणा. बोलता बोलता माझं मलाच ते इतकं मूर्खपणाचं वाटलं, की शेवटचं वाक्य मी नुसतं पुटपुटलो. तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. जड नाहीत, टकटक नाहीत, कच्च कच्च नाहीत. रबरी गमबूट! गालिच्यावर उभे राहिले तर मुळीच ऐकू न येणारे. म्हणजे खाली तिघं नव्हते. चौघं होते. पहिल्यापासून!

सळई आत आली. बाहेरची मूठ फिरली. दार उघडलं. बाई उभ्या होत्या, हातात माझा डावा बूट.

मी काजळीने काळा, मोज्यांतून अंगठा बाहेर. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. चौदा महिन्यांनंतर त्यांनी पहिलं वाक्य उच्चारलं :

"दुसरा तळ्यात आहे."

"हो," मी म्हणालो.

"मारायचाच होता, तर नेम तरी धरायचा."

"बाई, ते मी—"

"ऐकलं मी." त्यांनी बूट माझ्या हातात दिला. "त्या वेलाची एक फांदी मी घरी नेऊन लावली होती. ती वाढलीय. उद्या आणते. खड्डा तुम्ही खणायचा."

"खणतो."

"दोन फूट."

"तीन खणतो!"

"दोन म्हटलं ना!"

तीन आठवड्यांनी समितीचं पत्र आलं. मी ते उभ्यानेच फोडलं. वास्तुरचनाकार बाईंनी लिहिलं होतं, की या माणसाला दोन मजल्यांवरून जे कळतं ते कुठल्याही कॅमेऱ्याला कळणार नाही, तेव्हा कॅमेरे रद्द! मी कायम! मी पत्र नाचवत बागेत गेलो, बाईंना वाचून दाखवलं. दुसरं पान मात्र मी घाईत वाचलंच नव्हतं. धुरांड्यातल्या माझ्या माहितीने अध्यक्षसाहेब, काजळीसकट, अतिशय प्रभावित झाले होते. तेव्हा माझा आवाज ध्वनिमुद्रित करून छत्तीस खोल्यांत यंत्रं बसवायचं ठरलं होतं. खोलीत कोणीही पाऊल टाकलं, की यंत्र आपोआप बोलणार.

बसवली. आता थंडी आहे, हवेली बंद आहे. मी फडकं घेऊन दिवाणखान्यात शिरलो, की माझाच आवाज मला म्हणतो, "सुस्वागतम्!" पुढच्या खोलीत गेलो, की तोच मला सांगतो, छताचं चुन्याचं काम कोणी केलं ते. पहिले काही दिवस मला बरं वाटलं. घरात कोणीतरी बोलतंय! परवा तर मी त्याला "माहीत आहे रे बाबा" असं उत्तरही दिलं. हे ताईला सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

काल बाहेर गारठा होता म्हणून बाई आपला चहा घेऊन आत आल्या. मला वाटलं, आता गप्पा! पण त्या दिवाणखान्याच्या उंबऱ्यावर बसल्या, पाय आत टाकून, आणि डोळे मिटून यंत्र ऐकत राहिल्या. संपलं, की पाय उचलून पुन्हा टाकायच्या. तीनदा ऐकलं.

"बाई," मी शेवटी म्हणालो, "मी इथे जिवंत उभा आहे. काय हवं ते मलाच विचारा ना!"

त्यांनी चहाचा घोट घेतला.

"ह्याचं बरं आहे, किल्लेदार," त्या म्हणाल्या. "ह्याला बंद करता येतं."